आईला दिसत नाही, मग दंडावरचा लाल रंग तिला कोण सांगणार?

जव्हार-मोखाड्यात कुपोषण ओळखायचं सोपं साधन म्हणजे अंगणवाडीताईंकडची दंडघेर पट्टी. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाभोवती ती गुंडाळतात. घेर ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी, तर लाल. १२.५ पर्यंत पिवळा, पुढे हिरवा.

आई दृष्टिहीन असेल तर हे रंग तिच्या काय कामाचे? बहुतेकदा निकाल सासूला सांगितला जातो. खरं तर बाळाचा दंड रोज आईच्याच हाताखालून जातो. तिला एक दोरा द्या, ११.५ सेंटीमीटर अंतरावर दोन गाठी मारलेला. दंडाभोवती सैल न ठेवता, न आवळता धरल्यावर गाठी एकमेकींना टेकल्या किंवा एकमेकींच्या पुढे गेल्या, तर बाळाला लगेच दवाखान्यात न्यायचं.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २४ मध्ये दिव्यांग महिलांना उपजीविकेसाठी आणि मुलांच्या संगोपनासाठी मदतीची तरतूद आहे. (सरकारच्या 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत', ही मेख आहेच.) अंगणवाडीत अर्ज कुठे करायचा, हे सासूला नाही, तिलाच विचारू द्या.

आणि दिवाळीनंतर घर वीटभट्टीवर गेलं, की ताई गावातच राहतात. दोरा मात्र सोबत जातो.