दगडाखालचा हात

इंधन परदेशातून आणणारा देश दुबळा, असे समीकरण आपल्याकडे सर्रास मांडले जाते. ते अर्धेच खरे आहे. १९७३ मध्ये अरब देशांनी तेल आखडताच जपानला आपले पश्चिम आशियाविषयक धोरण बदलावे लागले. त्यानंतरही जपान जवळजवळ सगळे तेल बाहेरूनच आणत राहिला. मात्र सहा महिन्यांहून अधिक काळ पुरेल एवढा साठा त्याने उभा केला. आयात तशीच राहिली, अगतिकता कमी झाली. विकणारा एक, वाट एक आणि कोठार रिकामे, ही तिन्ही जुळून आली की देशाचा हात दगडाखाली सापडतो. युरोपातील दोन देशांचा अनुभव हेच सांगतो.

लिथुआनियाने ११ मार्च १९९० रोजी स्वातंत्र्य जाहीर केले. पुढच्याच महिन्यात मॉस्कोने तेल तोडले आणि गॅस आवळला. त्या घोषणेला तात्पुरती स्थगिती द्यायची तयारी लिथुआनियाच्या संसदेने जूनअखेर दाखवली, तेव्हा कुठे नाकेबंदी उठली. पुढे देश स्वतंत्र झाला, पण गॅस सगळाच्या सगळा रशियाच्या गाझप्रोमकडूनच येत राहिला. अखेर ऑक्टोबर २०१४ मध्ये क्लायपेडा बंदरात कोरियात बांधलेले, नॉर्वेजियन कंपनीकडून भाड्याने घेतलेले एक जहाज येऊन उभे राहिले. उणे १६० अंशांच्या आसपास थंड करून आणलेला द्रवरूप वायू त्यावर पुन्हा गॅस होतो आणि देशाच्या वाहिन्यांत जातो. जहाजाचे नाव ‘इंडिपेंडन्स’. एप्रिल २०२२ मध्ये लिथुआनियाने रशियन गॅस घेणे थांबवले, ते या जहाजाच्या बळावर.

जर्मनी उलट वाटेने गेला. २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया गिळंकृत केला, आणि पुढच्याच वर्षी रशियन गॅस थेट जर्मनीत आणणारी दुसरी नॉर्ड स्ट्रीम वाहिनी बाल्टिक समुद्राखालून टाकण्याचे ठरले. त्याच वर्षी रेडन येथील देशातला सर्वांत मोठा भूमिगत गॅससाठा गाझप्रोमच्या हाती गेला. २०२१ मध्ये हिवाळा तोंडावर आला तरी रेडन जवळजवळ रिकामेच होते. गॅसच्या आयातीत रशियाचा वाटा निम्म्याहून अधिक होता, आणि द्रवरूप वायू उतरवून घ्यायला किनाऱ्यावर एकही टर्मिनल नव्हते. त्यामुळे २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावरही रशियन गॅसवर बंदी घालणे बर्लिनला परवडेना. त्या ऑगस्टअखेर रशियानेच पहिल्या नॉर्ड स्ट्रीमचा पुरवठा थांबवला. युनिपर ही बडी गॅस कंपनी सरकारला ताब्यात घ्यावी लागली आणि २०० अब्ज युरोंचे मदतकवच जाहीर करावे लागले.

व्यापार वाढला की वैर बोथट होते, असा जर्मन धोरणाचा युक्तिवाद होता, आणि तो पोकळ नव्हता. शीतयुद्धातही सोव्हिएत गॅस पश्चिम जर्मनीत येत होताच. पण हे परावलंबन दोन्ही बाजूंना सारखे जाचत नाही. विकणाऱ्याला वर्षभराच्या उत्पन्नावर पाणी सोडता येते. घेणाऱ्याला कडाक्याच्या थंडीचा एक आठवडाही निभावत नाही. दुसरा आक्षेप खर्चाचा. जहाजाचा भार लिथुआनियाच्या ग्राहकांनी बिलातून सोसला, हे खरे. मात्र ते जहाज बंदरात पोहोचण्याआधीच, मे २०१४ मध्ये, गाझप्रोमने दर उतरवले होते. पर्याय नुसता दिसू लागला तरी भाव करायला बळ येते. तिसरा आक्षेप असा, की सौरऊर्जेकडे वळलो तर रशियाऐवजी चीनच्या दारात उभे राहावे लागेल. काळजी रास्त आहे; तरी पॅनेल येणे थांबले तर नवे प्रकल्प रखडतात, बसवलेली पॅनेल वीज देतच राहतात. इंधन थांबले की चूल त्याच दिवशी विझते.

हा निकष भारताला लावला, तर आयातीच्या टक्क्यापेक्षा विक्रेते किती, वाटा किती आणि साठा केवढा, हे महत्त्वाचे ठरते. कच्चे तेल आपण अनेक देशांकडून घेतो, आणि विशाखापट्टणम, मंगळूर व पाडूर येथील भूमिगत गुहांत ५३ लाख टन तेल साठवायची सोय आहे. देशाचा खप पाहता ही क्षमता थोडी आहे, पण दिशा बरोबर आहे. स्वयंपाकाच्या गॅसची स्थिती अधिक नाजूक आहे. त्यातला निम्म्याहून अधिक आयात होत आला आहे, आणि तो बहुतांशी आखातातून, होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून. उज्ज्वला योजनेनंतर कोट्यवधी घरे या एका वाटेशी जोडली गेली. म्हणून गॅसचे साठे वाढवणे, आखाताबाहेरचे विक्रेते बांधून ठेवणे आणि विजेच्या शेगडीला बळ देणे, हा खर्च संरक्षणाच्या हिशेबात धरला पाहिजे. बाजार शांत असताना तो उधळपट्टी वाटेल. जर्मनीलाही तसाच वाटला होता.