सीप्झमधलं पडकं देऊळ

मुंबईत मरोळजवळच्या सीप्झ या निर्यात-उद्योगांच्या वसाहतीत शिरायला पास लागतो. दागिने घडवणाऱ्या आणि संगणकाच्या कंपन्यांच्या गर्दीत तिथे एक दगडी दर्शनी भिंत, शेजारी मनोरा आणि मागे उघडं आभाळ आहे. कोंडिवट्याच्या सेंट जॉन द बॅप्टिस्टचं हे देऊळ. इथले ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतात. जेझुइट पाद्री मॅन्युएल गोमिश यांनी १५७९ साली ते उपासनेला खुलं केलं. हे गाव ज्या बेटावर आहे ती साष्टी १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतली, १७७४ मध्ये इंग्रजांनी. देऊळ दोन्ही सत्तांतरांतून निभावलं. ते रिकामं केलं साथीच्या रोगाने. १८४० मध्ये गाव उठून मरोळला आलं आणि जाताना वेदी, मूर्ती, खांब, बाप्तिस्म्याचं कुंड, घंटा असं सगळं घेऊन गेलं. आज ते सामान मरोळच्या सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट चर्चमध्ये आहे.

कोंडिवट्याचं चर्च पडून अर्धं उरलं, पण अर्धवट चर्च म्हटलं की लोकांना बार्सिलोनाचं साग्रादा फामिलिया आठवतं. त्याची पायाभरणी १८८२ ची. वर्षभराने अंतोनी गाउदीने काम हाती घेतलं आणि १९२६ मध्ये ट्रामच्या धक्क्याने तो जाईपर्यंत सोडलं नाही. बांधकामाचा रीतसर परवाना मिळाला २०१९ मध्ये. मुंबईकराला हे ऐकून परकं वाटू नये! गाउदीची दृष्टी मात्र अफाट. झाडासारखे कललेले, वर फांद्या फुटलेले खांब छपराचा भार थेट जमिनीत नेतात, त्यामुळे भिंतींना बाहेरून टेकू द्यावे लागत नाहीत.

साष्टीच्या गवंड्यांचा हिशेब वेगळा होता आणि मला तो कमी मोलाचा वाटत नाही. त्यांची नावं कुठे कोरलेली नाहीत. लांबट सभागृह, टोकाला कमानीपलीकडे वेदी, बाजूला मनोरा हा इथल्या पोर्तुगीजकालीन चर्चचा ठरलेला साचा. दगड-चुन्याच्या जाड भिंती आणि वर लाकडी छप्पर. असं छप्पर टिकतं ते शाकारणीवर. दरवर्षी पावसाआधी कौलं फिरवणारे हात गेले की आधी वासे कुजतात, मग छप्पर बसतं. वसईच्या किल्ल्यात हेच दिसतं: सभागृहं उघडी पडली, वेदीवरच्या दगडी कमानी काही ठिकाणी अजून उभ्या आहेत. कोंडिवट्याला गावच उठलं, तेव्हा शाकारणार कोण?

जवळच महाकाली लेणी आहेत. तिथल्या चैत्यगृहात स्तूपाभोवती खडकातच गोल झोपडी कोरली आहे, दाराच्या दोन्ही बाजूंना जाळीच्या खिडक्यांसकट. लाकडी बांधणीची नक्कल दगडात केल्यामुळे तिला शाकारणी लागली नाही. एकाच गावच्या शिवारात या दोन्ही वास्तू आहेत, आणि वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांना त्या एका दिवसात दाखवता येतील.

सीप्झ १९७३ मध्ये सुरू झालं आणि देऊळ कुंपणाआत गेलं. वर्षातून एकदा, मे महिन्यात, तिथे मिस्सा होते. मरोळ आणि आसपासच्या गावठाणांतली माणसं त्या दिवशी आत येतात.

उरलेल्या दिवसांत भिंतींची राखण कुणी करायची हा खरा प्रश्न. पिंपळ-वडाची रोपं सांध्यांत रुजतात. ती कोवळी असतानाच काढावी लागतात. भेगा चुन्यानेच भरायच्या. सिमेंटने नाही, कारण सिमेंट ओल आत कोंडतं आणि जुना चुना पोखरला जातो. हे काम पावसाळ्याआधीचं आहे. मेमध्ये माणसं आत येतातच, त्याच सुमाराला जाणकार गवंडीही यावेत.