जरा सरकून घ्या!

मुंबईच्या लोकलमध्ये सेकंड क्लासचा बाक तिघांचा. तरी चौथा येतो, ‘जरा सरकून घ्या’ म्हणतो आणि तिघंही मुकाट्याने आत सरकतात. चौथ्याला जेमतेम टेकायला मिळतं, पण मिळतं. ही चौथी सीट रेल्वेने दिलेली नाही, प्रवाशांनी एकमेकांना दिली आहे. गर्दीतले शिष्टाचार असे गर्दीनेच घडवलेले असतात, म्हणून मला ते फार मोलाचे वाटतात.

महिलांच्या डब्यात चला. ‘कुठे उतरणार?’ असं विचारलं की सीटचं बुकिंग झालं! बसलेली बाई ‘भांडुप’ म्हणाली, की भांडुपला ती जागा विचारणारीची. मध्येच दुसरी कुणी आली तर ‘यांना दिलीय’ एवढं सांगितलं की पुरतं. उठताना ती आधी विचारणारीकडे हात करते, तिला बसवते आणि मगच दाराकडे निघते. ना चिठ्ठी, ना पावती. दाराशीही तीच शिस्त. ‘दादर?’ असं पुढच्याच्या पाठीमागून विचारायचं. त्याने मान डोलावली तर त्याच्या मागे उभं राहायचं, नाहीतर तो अंग चोरून वाट देतो. सॅक पाठीवरून पोटावर घ्यायची. जड पिशवी रॅकवर हातोहात जाते आणि उतरताना तशीच परत येते. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट-बोरिवली अशी संपूर्ण महिलांची लोकल सुरू झाली, तेव्हा हे सारे रिवाज डब्यातून अख्ख्या गाडीत पसरायला मोकळे झाले.

आता टोकियो. तिथे ट्रेनमध्ये फोनवर बोलणं अगदीच वाईट दिसतं. मोबाइलच्या सायलेंट मोडला जपानमध्ये ‘मॅनर मोड’च म्हणतात. २००८ साली टोकियो मेट्रोने स्टेशनांवर पिवळीधमक पोस्टर्स लावायला सुरुवात केली. ट्रेनमध्ये मेकअप करणारे, सीटवर ऐसपैस पसरलेले लोक काढायचे आणि वर लिहायचं, ‘हे घरी करा!’ दंड नाही, दमदाटी नाही, नुसतं चित्र. आपल्याकडे फोन स्पीकरवर टाकून व्हिडिओ बघणाऱ्यांसाठी असं पोस्टर हवंच हवं.

ज्येष्ठांसाठी राखीव जागांना तिथे बरीच वर्षं ‘सिल्व्हर सीट’ म्हणत. नाव ऐकून पांढरे केस आठवतात ना? पण रंग आला कापडावरून. १९७३ साली टोकियोच्या चुओ मार्गावर या जागा वेगळ्या दिसाव्यात म्हणून बुलेट ट्रेनच्या सीटचं शिल्लक राहिलेलं रुपेरी कापड वापरलं गेलं.

सरकत्या जिन्यावर मात्र खरी गंमत. लंडनमध्ये उजवीकडे उभं राहायचं, डावी बाजू घाईत असलेल्यांना मोकळी. टोकियोत उभं राहायचं डावीकडे, आणि त्याच जपानमधल्या ओसाकात उजवीकडे! ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे की चुकीच्या बाजूला उभा राहिलेला माणूस बाहेरगावचा, हे लगेच कळतं. पण २०१५ साली लंडनच्या होबर्न स्टेशनात उलटा प्रयोग झाला: चालायचं नाही, दोन्ही बाजूंना उभं राहायचं. जास्त माणसं वर पोचली. उंच जिन्यावर चढत जाणारे थोडेच असतात, त्यामुळे त्यांच्यासाठी सोडलेली बाजू बरीचशी रिकामीच जाते. जपानच्या सायतामा प्रांताने २०२१ मध्ये आणि नागोया शहराने २०२३ मध्ये नियमच केला, की सरकत्या जिन्यावर थांबूनच जायचं. कालपर्यंतचं सौजन्य आज नियमाविरुद्ध ठरलं, आणि माझ्या मते ते बरोबरच झालं. जिन्यावरून धावणाऱ्याचा धक्का म्हाताऱ्या माणसाला परवडत नाही.

माद्रिदच्या बसमध्ये २०१७ पासून पाय फाकवून बसू नका असं सांगणारी चित्रं लागली. न्यूयॉर्कच्या सबवेने त्याआधीच अशी मोहीम काढली होती. याला फार शब्द खर्च करायला नकोत: गुडघे जवळ घ्या!

मला सगळ्यात आवडली ती दक्षिण कोरियातल्या बुसानची युक्ती. गरोदरपणाच्या सुरुवातीला पोट दिसत नाही, पण त्रास तर असतोच, आणि ‘मला बसायला द्या’ म्हणायचा संकोच वाटतो. लंडनने २००५ साली अशा बायकांसाठी ‘बेबी ऑन बोर्ड’चा बिल्ला काढला. बुसानने २०१६ मध्ये त्यापुढे मजल मारली. बाईच्या पर्समध्ये छोटं यंत्र. ती डब्यात आली की राखीव जागेजवळचा गुलाबी दिवा लागतो आणि बसलेला माणूस उठतो. विरार आणि कर्जत लोकलमध्ये हा दिवा कधी लागणार?