श्रेष्ठ खेळाडू कोण?

जालन्याचे विजय झोल यांनी २०११ साली एकोणीस वर्षांखालील स्पर्धेत आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा काढल्या. त्याच जालन्यात २०१८ साली बाला रफिक शेख यांनी ‘महाराष्ट्र केसरी’ची गदा पटकाविली. दोघांत श्रेष्ठ कोण? धावा मोजता येतात. डावपेच कसे मोजावेत? म्हणून जाणकार प्रत्येकास त्याच्याच खेळातील इतरांशी ताडून पाहतात. कसोटी क्रिकेटमध्ये ब्रॅडमन यांची सरासरी ९९.९४, इतर थोर फलंदाज साठीच्या आसपासच राहिले. केवढे हे अंतर! कुस्तीला मात्र अशी सरासरी नसते. तेथे तर वजनाचे गट पाडूनच झुंजी लावतात. १९५२ साली हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळविणारे खाशाबा जाधव आपल्या वजनाच्या मल्लांशीच लढले. धिप्पाड मल्लांपुढे ते कितवे ठरले असते, हे त्या स्पर्धेने विचारलेच नाही.