चौकशी करा, पण नुसत्या नावावरून नको

अमेरिकेच्या व्हिसासाठी कसून तपासणी झाली पाहिजे असं आम्ही म्हटलं, की गावाकडची काही मंडळी चिडतात. "तुम्ही पोहोचलात, आता मागच्यांसाठी दार लावता काय?" पण वीस-बावीस वर्षं इथे संसार केलेल्या आमच्यासारख्या कुटुंबांनाही सुरक्षितता हवीच आहे. कुठे काही विपरीत घडलं की पहिली नजर आमच्याकडेच वळते. तक्रार तपासणीबद्दल नाही, तिच्या पद्धतीबद्दल आहे.

अडतं ते नावावर. अर्जदाराचं नाव सुरक्षा यंत्रणांच्या याद्यांशी ताडून पाहतात. आता आपली नावं बघा. 'मोहम्मद' शाळेच्या दाखल्यावर पूर्ण, आधारवर 'एमडी', पासपोर्टवर 'एमओएचडी'. इंग्रजी स्पेलिंगचे तर चार प्रकार. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल, तर व्हिसावर 'एफएनयू' छापून येतं, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही! त्यात शेख, खान, सय्यद आडनावाची माणसं लाखोंनी. नाव कुठेतरी जुळलं की फाईल बाजूला पडते आणि मुलाखतीनंतर कलम 221(जी)चा कागद हातात येतो. कागदपत्र कमी असेल तर तसं सांगतात. 'प्रशासकीय प्रक्रिया' असेल तर कशासाठी, किती दिवस, काही कळत नाही. इकडे निकाह झालेली मुलगी माहेरी बसून, तिकडे नवरा रोज स्टेटस बघत.

देश बघून चाळणी लावण्याचाही प्रयोग झालाय. 2002 साली 25 देशांतल्या, तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या पुरुषांना खास नोंदणीची सक्ती झाली. उत्तर कोरिया वगळता जवळपास सगळे देश मुस्लिमबहुल. 80 हजारांहून जास्त पुरुष स्वतःहून हजर झाले. सुमारे 13 हजारांवर हद्दपारीची कारवाई सुरू झाली, दहशतवादाच्या गुन्ह्यात शिक्षा मात्र एकालाही नाही. 2011 मध्ये योजना थांबली, 2016 मध्ये नियमच काढून टाकला. कायदा पाळणारा माणूसच रांगेत उभा राहतो, हे आधी लक्षात यायला हवं होतं.

मग काय करावं? दहा बोटांचे ठसे घेतातच, तर भर त्यांच्यावर द्या. ठशांना स्पेलिंग नसतं. दाखला खरा की खोटा, हे ज्या शाळेने किंवा नगरपालिकेने दिला तिलाच विचारा. 2019 पासून पाच वर्षांतली सोशल मीडिया खाती मागतात. ती वाचणाऱ्याला उर्दू-मराठी येत असावी, नाहीतर शायरीतला 'कातिल' पोलिसांकडे जायचा.

आणि मुदत घाला. हे अशक्य नाही. फेब्रुवारी 2008 मध्ये, अमेरिकेत राहून ग्रीन कार्डसाठी अर्ज केलेल्यांबाबत असं ठरलं होतं, की बाकी सगळं ठीक असेल आणि एफबीआयची नावाची तपासणी 180 दिवसांहून जास्त रखडली असेल, तर कार्ड देऊन टाकायचं. पुढे काही निघालंच तर कारवाईचा मार्ग खुला होताच.

हे बदल होतील तेव्हा होतील. तोवर घरात एक संध्याकाळ काढून पासपोर्ट, जन्मदाखला, निकाहनामा समोर ठेवा आणि अक्षर न् अक्षर जुळवा. पासपोर्टमधली दुरुस्ती अर्जाच्या आधी करा, नंतर नाही. फॉर्ममध्ये 'इतर नावं' असा प्रश्न असतो, तिथे आतापर्यंत वापरलेलं प्रत्येक नाव लिहा. एजंट म्हणेल, "कशाला लिहिता, उगाच संशय येईल." ऐकू नका. मुद्दाम खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर कायमची बंदी लागू शकते, आणि तेव्हा एजंट फोन उचलत नाही.