अंगठा उठवण्यापूर्वी

पुणे-लोणावळा लोकलने वडगाव सोडले की पुढचे स्टेशन कान्हे. तालुक्याची कचेरी आणि न्यायालय वडगावला, म्हणजे कान्हेकराला कोर्ट एका स्टेशनावर. तरीही शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हेच तो लहानपणापासून ऐकत आला. या म्हणीत शहाणपण थोडे आणि नाइलाज फार, असे माझे मत आहे.

मावळातून द्रुतगती मार्ग गेला, कारखाने आले, जमिनीला सोन्याचा भाव आला. आणि वर्षानुवर्षे न आठवलेल्या बहिणींची एकाएकी विचारपूस सुरू झाली. भाऊ लुगडे घेऊन येतो, पिशवीत एक कागदही असतो. त्याचे नाव हक्कसोडपत्र!

कान्ह्याच्या ओळखीच्या एका मावशींनी असाच कागद माझ्यापुढे धरला. "मास्तर, मराठीच हाये ना ह्ये? मग सांगा, काय लिवलंय." मराठी होती खरी. ‘लिहून देणार’, ‘सदरहू मिळकत’, ‘राजीखुषीने व अक्कलहुशारीने’! कागद कोणी वाचूनही दाखवला नव्हता, पण मावशींची अक्कलहुशारी मात्र आगाऊच नमूद झाली होती. शब्द मी फोडून सांगितले. कायदा सांगणे हे मराठीच्या प्राध्यापकाचे काम नव्हे, म्हणून त्यांना पुण्यातल्या एका विधी महाविद्यालयाच्या साहाय्य केंद्रात घेऊन गेलो.

असे केंद्र ही महाविद्यालयाची मेहेरबानी नव्हे. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे ज्येष्ठ अध्यापकाच्या देखरेखीखाली ते चालवलेच पाहिजे. विद्यार्थ्याला कोर्टात उभे राहता येत नाही. १९६१ च्या कायद्याने तो हक्क वकिलाचाच. पण ऐकून घेणे, कागद वाचणे, अर्ज लिहिणे याला सनद कशाला हवी?

शेवटच्या वर्षाची एक मुलगी समोर बसली. तासभर तिने नुसते ऐकले. (हे वकिलांनाही शिकवायला हवे.) मग विचारले, "आजी, लग्न कधी झालं?" मावशी म्हणाल्या, "चाळीस वर्सं झाली असतील." मुलीचा चेहरा पडला. २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुलींना महाराष्ट्राच्या कायद्याने वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा वाटा दिला नव्हता. हक्क नाही, असे ती सांगणार एवढ्यात मागे उभ्या असलेल्या बाईंनी विचारले, "आणि २००५?" त्या वर्षी ९ सप्टेंबरला केंद्राची दुरुस्ती अमलात आली व लग्नाची अट गेली. वडील त्या दिवशी हयात नसले तरी मुलीचा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केले. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर वाटप झाले असेल तर गोष्ट वेगळी; इथे तसे काही नव्हते. बाई मागे नसत्या, तर मावशी हक्क नाही असे समजून एस.टी.त बसल्या असत्या. देखरेख म्हणतात ती ही.

"पण सातबाऱ्यावर माजं नाव न्हाई," मावशी म्हणाल्या. सातबारा हा महसुलाचा उतारा. त्यावर नाव नसले म्हणून वारसा बुडत नाही. उलट, स्थावरावरचा हक्क सोडायचा तर दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो; घरच्या घरी उठवलेल्या अंगठ्याने तो सुटत नाही.

वकील लागलाच तर? त्याचीही सोय आहे. मोफत विधी साहाय्याचे कलम १९७६ च्या दुरुस्तीने राज्यघटनेत आले. त्यावरचा १९८७ चा कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू आहे. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना त्यात उत्पन्नाची अट नाही. १५१०० या क्रमांकावर फोन केला तरी चौकशी होते. मावशींना यातले काहीच ठाऊक नव्हते, आणि खरे सांगायचे तर माझ्या प्राध्यापक मित्रांनाही नव्हते.

माझी तक्रार एकच. ही मुले पुण्यात बसतात आणि मावशींनी लोकल पकडायची! २०११ च्या नियमांनी विद्यार्थ्यांना गाव दत्तक घेऊन शिबिरे भरवण्याची मुभा दिली आहे. आठवड्यातून एक दिवस दोन मुले आणि एक बाई कान्ह्याच्या चावडीवर येऊन बसल्या, तर कितीतरी अंगठे विचार करून उठतील.

मावशींनी अजून अंगठा दिलेला नाही. भाऊबीजेला भाऊ येणार आहे. आधी ओवाळणी, मग फराळ आणि कागदाचे बोलणे त्यानंतर, असा निरोप त्यांनी पाठवला आहे.