दुधीला फुलं येतात, पण दुधी धरत का नाही?

एपिसोड ऐकायला वेळ नसेल, किंवा लोकलमध्ये इअरफोन विसरला असाल, तर हे त्याचं लिखित रूप. बोलताना मी जितक्या वेळा "म्हणजे" म्हणाले तेवढं फक्त काढून टाकलंय, बाकी जवळपास तसंच आहे.

या वेळी सुरुवात एका व्हॉइस नोटपासून. बदलापूरहून एक मैत्रीण विचारते, "ताई, घरामागे दुधीचा वेल मस्त पसरलाय. रोज फुलं येतात. बोटाएवढा दुधी दिसतो, आणि चार दिवसांत पिवळा पडून गळतो. कुठलं खत टाकू?"

खत राहू दे. आधी गळलेला दुधी हातात घेऊन बघ. त्यावर टोचल्यासारखा ठिपका आणि डिंकासारखा थेंब असेल तर ते फळमाशीचं काम. तसं काही नसेल, नुसता पिवळा पडून सुकला असेल, तर बहुतेक वेळा एकच कारण असतं: परागीकरण झालेलं नाही.

दुधीच्या एकाच वेलावर दोन तऱ्हेची फुलं येतात. नर फूल लांब, बारीक देठावर उभं असतं. मादी फुलाच्या मागे पहिल्यापासूनच एक बारका, लवदार दुधी असतो. तो दिसला की आपण घरभर सांगत सुटतो, पण त्याचं अजून काहीच ठरलेलं नसतं. नर फुलातले परागकण मादी फुलाच्या मध्यभागी पोचले तर तो वाढतो, नाहीतर वेल त्याला सोडून देतो. आणि हो, वेल नवीन असताना बरेच दिवस नुसती नर फुलंच येतात, तेव्हा तिथे घाबरायचं कारण नाही.

आता गंमत बघा. लाल भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि उन्हं चढली की मिटतं. ते मधमाश्यांच्या वेळेत आहे. दुधीचं पांढरं फूल उमलतं संध्याकाळी. दोडक्याचंही तसंच. त्या वेळी मधमाश्या घरी परतलेल्या असतात. मग दुधीकडे येतं कोण? मुख्यतः पतंग. त्यातही हॉकमॉथ नावाचे दणकट पतंग, जे फुलासमोर हवेत एका जागी तरंगत लांब सोंड आत घालतात. अंधारात पांढरं फूल त्यांना लांबून दिसतं.

तातडीचा उपाय सोपा आहे. संध्याकाळी साडेसहा-सातला ताजं नर फूल तोडा, पाकळ्या काढून टाका आणि मधला परागांचा भाग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवा. एक नर फूल दोन-तीन मादी फुलांना पुरतं. आमच्या घरी हे काम आजी करायची आणि त्याला ती "दुधीचं लग्न लावणं" म्हणायची.

पण मला आज बोलायचंय ते पतंग का येत नाहीत यावर. आणि त्याचं उत्तर दुधीच्या वेलावर नाही, शेजारच्या अळूवर आहे.

अळूच्या पानावर कधी जाडजूड अळी बघितलीये? शेपटीकडे शिंगासारखा काटा, अंगावर डोळ्यासारखे ठिपके. दिसली की आपण चपलेखाली घेतो, कारण पानं आपल्या अळूवड्यांची असतात. हॉकमॉथच्या काही जाती अळूवरच वाढतात. म्हणजे सकाळी जिला चिरडलं, तीच काही आठवड्यांनी संध्याकाळी दुधीवर यायची होती.

माझं म्हणणं एवढंच आहे. परागीकरण करणाऱ्यांसाठी बाग म्हटलं की सगळे फुलांचं बोलतात. नर्सरीत जातात, रंगीत कुंड्या आणतात. फुलं हा सोपा भाग आहे. अवघड भाग म्हणजे खाल्लेली पानं आणि उघडी माती सहन करणं.

आमचं घर तळेगाव दाभाडेला, रो-हाउस. मागे साधारण ३०० चौरस फूट जागा. आधी तिथे लॉन होतं, ज्यावर कोणी बसायचं नाही आणि ज्याला उन्हाळ्यात सगळ्यात जास्त पाणी लागायचं. गेल्या तीन वर्षांत तिथे काय काय बदललं, त्यातून सांगते.

आधी पानं. फुलपाखरू मध कुठल्याही फुलावर पिईल, पण अंडी घालताना ते फार चोखंदळ असतं. कढीपत्त्यावर कॉमन मॉर्मन. लिंबावर लाइम बटरफ्लाय. रुईवर प्लेन टायगर. पानफुटीवर रेड पिअरो, आणि याची अळी तर पानफुटीच्या जाड पानाच्या आत शिरून खाते, बाहेरून नुसता फिकट डाग दिसतो. आपलं राज्य फुलपाखरू, राणी पाकोळी म्हणजे ब्लू मॉर्मन, २०१५ साली जाहीर झालं. त्याच्या अळ्याही लिंबाच्या जातकुळीतल्या झाडांवर वाढतात. स्टेटसला राणी पाकोळीचा फोटो ठेवायचा आणि लिंबावर औषध मारायचं, हे दोन्ही एकत्र जमत नाही.

कढीपत्त्यावरची अळी लहान असताना हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. मोठी झाली की हिरवी होते. पहिल्या वर्षी आईने विचारलं, "अळ्यांना कढीपत्ता, मग फोडणीला काय घालू?" रास्त प्रश्न आहे. आम्ही दुसरं रोप लावलं. आता स्वयंपाकघराजवळचं झाड आमचं, कोपऱ्यातलं त्यांचं. अळ्या अर्थातच हा करार पाळत नाहीत. दिसली की आई तिला पानासकट उचलून कोपऱ्यातल्या झाडावर नेऊन ठेवते. खाल्लेलं झाड पुन्हा फुटतं, निरोगी असेल तर त्याला काही होत नाही.

आता माती. माशी म्हटलं की आपल्याला पोळं आठवतं. जगात मधमाश्या आणि त्यांच्या भाऊबंदांच्या सुमारे २०,००० जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक पोळं करतच नाहीत. एकटी मादी, एक बीळ, त्यात परागाचा गोळा आणि त्यावर अंडं. राणी नाही, कामकरी नाहीत, राखायला मधाचा साठा नाही, त्यामुळे अंगावर येणंही नाही. यातल्या बऱ्याचशा जाती जमिनीत बीळ करतात. त्यांना हवी असते ऊन लागणारी, न खणलेली, मोकळी माती. आपण काय करतो? लॉन, नाहीतर पेव्हर ब्लॉक, नाहीतर सिमेंटचा कोबा.

आमच्या कंपाउंडच्या भिंतीलगत दोन फूट रुंदीची पट्टी मी मुद्दाम तशीच सोडली. दुसऱ्या वर्षी तिथे पेन्सिल जाईल एवढी भोकं दिसायला लागली. पोटावर निळसर पट्टे असलेली एक गुबगुबीत माशी असते, ब्लू-बँडेड बी म्हणतात तिला. ती आणि काळा भुंगा यांच्याकडे एक कला आहे, जी पोळ्यातल्या मधमाशीकडे नाही. वांग्याच्या, टोमॅटोच्या फुलात पराग बंद नळीत असतात, मिठाच्या डबीसारखे. या माश्या फूल धरून अंग थरथरवतात आणि पराग खाली सांडतात. तेव्हाचा आवाज नेहमीच्या गुणगुणण्यापेक्षा चढा असतो, कान दिलात तर कळेल. वाऱ्याने हलूनही थोडीफार वांगी धरतात, पण ही मंडळी आली की फरक दिसतो.

भुंग्याला वाळकं लाकूड लागतं, म्हणून शेवग्याची एक मेलेली फांदी आम्ही तोडली नाही. गुलाबाच्या पानांना कडेने कोणी कंपासने कापल्यासारखे गोल तुकडे गेलेले दिसले तर औषध शोधू नका. ती पानं कापणारी माशी आहे, खायला नाही, घराला अस्तर लावायला नेते. तिच्यासाठी बारीक बांबूचे तुकडे, एका टोकाला पेर बंद असलेले, जुडी बांधून पावसाच्या माऱ्यापासून आडोशाला लटकवा. खर्च शून्य. ऑनलाइन मिळणारी महागडी "बी हॉटेल्स" मला तरी पटत नाहीत. त्यांतली बरीच इतकी मोठी असतात की एका घराला कीड लागली की सगळ्यांना लागते.

फुलांबद्दल थोडक्यात. साधी, एकेरी पाकळ्यांची फुलं घ्या. डबल जास्वंदीत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, माशीला मिळणार काय? बोगनवेल दिसते छान, पण रंग सगळा पानांचा, खरं फूल आत इवलंसं. घाणेरीवर फुलपाखरं तुटून पडतात हे खरं, तरी लावू नका, ती आपल्या टेकड्यांवर आधीच नको तितकी पसरली आहे. सगळ्यात कामाचं झाड बहुतेक तुमच्या दारात आहे: तुळस. आई मंजिऱ्या खुडायची, आता अर्ध्या ठेवते, आणि सकाळी आठ वाजता त्या कुंडीवर जी गर्दी असते ती बघण्यासारखी. पावसाळ्यात माश्यांची खायची आबाळ होते, म्हणून जूनमध्ये तेरडा आणि कॉसमॉस टाकून ठेवा.

औषधाचं मात्र स्पष्ट बोलते. नर्सरीवाले सर्रास इमिडाक्लोप्रिड देतात. ते झाडात भिनतं आणि परागात, मधातही उतरतं. युरोपियन युनियनने २०१८ मध्ये त्याचा उघड्यावरचा वापर बंद केला. मावा असेल तर पाण्याचा जोरदार फवारा मारा, बऱ्याचदा तेवढं पुरतं.

मग डासांचं काय, हा प्रश्न येणारच. डेंग्यू आमच्या गल्लीतही झालाय, मी तो हसण्यावारी नेत नाही. पण संध्याकाळी फिरणारा धूर उडते डास मारतो, पाण्यातल्या अळ्यांना त्याने काही होत नाही. आणि दुधी उमलायची वेळही तीच. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून कुंड्यांखालच्या ताटल्या, कूलर, टायर आठवड्यातून एकदा कोरडे करणं जास्त उपयोगाचं. माश्यांसाठी ठेवलेली खडे घातलेली पाण्याची थाळी मी दर दोन दिवसांनी रिकामी करते.

गेल्या वर्षी डाळिंबाच्या झुडपात फुलोरी माश्यांनी तळहाताएवढं पोळं केलं. शेजारच्या काकू घाबरल्या, त्यांचा नातू दोन वर्षांचा. त्यांचं चुकीचं नव्हतं. मी त्यांना पोळं दाखवलं, नातवाच्या बाजूला जुनी साडी आडोशाला बांधली, पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावू नका अशी विनंती केली. फुलोरी तशी शांत असते, आणि काही महिन्यांनी पोळं सोडून गेलीसुद्धा. हेच आग्या मोहोळ असतं तर मी वेगळं बोलले असते. आग्याच्या जवळ जाऊ नका, दगड नाही, धूर नाही, जाणकार माणूसच बोलवा.

घरातला खरा वाद पेव्हर ब्लॉकचा होता. बाबांचं म्हणणं, "अगं, पावसात चिखल होतो. गाडी कुठे लावू, तुझ्या माश्यांच्या डोक्यावर?" तीन रविवार चर्चा झाली. शेवटी चाकांपुरत्या दोन फरशीच्या पट्ट्या टाकल्या आणि बाकी माती राहिली. मागच्या दाराचा रात्रभर जळणारा एलईडीही बदलून सेन्सरचा लावला, कारण पतंग दिव्याभोवतीच फिरत राहतात. बाबांना त्यात वीजबिल दिसलं, मला दुधी. या मोसमात हात न लावता अकरा दुधी धरले. शेवटचे तीन कोणी घ्यायलाच तयार नव्हतं.

तुमच्या अंगणातल्या अळीचा फोटो पाठवणार असाल तर ती कुठल्या झाडावर होती तेही सांगा. नुसत्या अळीपेक्षा झाडावरून ती कोण हे ओळखणं सोपं जातं.